बंधारे पाण्याखाली : घटप्रभेतल्या चढणीच्या माशांचं प्रकरण

दरवर्षी जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात आमच्या भागातल्या वर्तमानपत्रांत एक ठरलेली बातमी येते. घटप्रभेवरचे पिळणी, हिंडगाव, अडकूर, तारेवाडी. ताम्रपर्णीवरचे कुर्तनवाडी, हल्लारवाडी, कोकरे, कोवाड. हिरण्यकेशीवरचे साळगाव, ऐनापूर, निलजी. एवढे बंधारे पाण्याखाली. त्याखाली वाहतूक कुठून वळवली, ते. बेळगाव, हुक्केरी, चंदगड, गडहिंग्लजची माणसं ही यादी आज कुठला रस्ता बंद एवढ्यापुरती वाचतात. मी ती गेली काही वर्षं चढणीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर अंडी घालायला नदीत वर जाणाऱ्या, माशांच्या बाजूने वाचतो आहे. बंधारा पाण्याखाली गेला की माणसाचा रस्ता बंद होतो आणि माशाचा उघडतो. पण तो उशिरा उघडतो. मला सांगायचं आहे ते त्या उशिराबद्दल.

प्रकरण घटप्रभेचं आहे, तेही गोकाकचा धबधबा ते सह्याद्री एवढ्याच तुकड्याचं. हाच तुकडा का, ते नदी खालून वर पाहिली की कळतं.

कृष्णेवरच्या आलमट्टी धरणाच्या पाण्यातून घटप्रभेत शिरलेला मासा वर पोहत आला, तर गोकाकला त्याच्यासमोर ५२ मीटरची सरळ कड उभी राहते. कातळाची पायरी आहे ती, कुणी बांधलेली नाही. कृष्णेतला कुठलाही खवल्याचा मासा ती चढू शकत नाही. पुरात वरचा मासा खाली पडत असेल, खालचा वर येत नाही. म्हणजे धबधब्याच्या वरच्या माशांचा वंश धरणं येण्याच्या कितीतरी आधीपासून वेगळा पडलेला. त्याला खालून नवी भर नाही. जन्म, वाढ, चढण, अंडी, सगळं गोकाक आणि घाटमाथा यांच्यामध्येच उरकायचं. आधीच कोंडलेल्या वंशाला मधे आणखी भिंती घातल्या तर त्यांचा मार मोकळ्या नदीपेक्षा जास्त बसतो.

धबधब्याच्या थोडं वर धुपदाळ. इथला दगडी बांध १८९७ सालचा, ब्रिटिशांनी कालव्यासाठी घातलेला. त्याच्या मागच्या उथळ पाण्यावर हिवाळ्यात पक्षी उतरतात, आणि १९७४ साली तिथे पक्षी अभयारण्य झालं. त्याच पाण्यातल्या माशांचा विचार तेव्हा झाला असता तर पुढचं बरंच सोपं झालं असतं. धुपदाळच्या वर डाव्या अंगाने हिरण्यकेशी येऊन मिळते. ती आंबोलीत उगवून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत आलेली. आणि त्या संगमाच्या वर हिडकल : सुमारे ६२ मीटर उंच, ५१ टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्याचं, दहा दरवाजांचं राजा लखमगौडा धरण. १९७०च्या दशकात ते उभं राहिलं. त्याचा फुगवटा, म्हणजे मागे तुंबलेलं पाणी, दड्डीच्या बाजूला पसरतो. मोहनगा-दड्डीच्या भावेश्वरीच्या यात्रेमुळे हे गाव सगळ्या सीमाभागाला ठाऊक आहे. त्याच्याही वर महाराष्ट्राची हद्द, आणि मग घटप्रभा व ताम्रपर्णी या दोन धारा चंदगड तालुक्यात घाटापर्यंत जातात.

म्हणजे हिडकलने त्या कोंडलेल्या वंशाचे दोन भाग केले. धरणाखालच्यांच्या वाट्याला धुपदाळपर्यंतचा तुकडा आणि हिरण्यकेशी आली. वरच्यांच्या वाट्याला जलाशय, घटप्रभेचा माथा आणि ताम्रपर्णी. या दोन भागांची दुखणी वेगळी आहेत. ती एकत्र करून ‘धरणामुळे मासे संपले’ असं म्हटलं की उपाय सुचायचा बंद होतो.

आधी चढण म्हणजे काय ते.

मृगाचा पाऊस लागतो, ओढ्यांचं तांबडं पाणी नदीत उतरतं. पाण्याचा वास बदलतो, ते गार होतं, धारेला जोर येतो. उन्हाळाभर डोहात दबून असलेला मासा धारेच्या उलट निघतो. दड्डीच्या काठावर एका म्हाताऱ्या भोयांना विचारलं होतं, मामा, त्यांना कळतं कसं? ते म्हणाले, ‘‘नवं पानी गढूळ झालं की मासा खाली थांबत न्हाई बगा. त्येला वर जायाचं याडच लागतंय.’’ शास्त्र याहून फार वेगळं सांगत नाही. मादीच्या पोटात गाभोळी उन्हाळ्यातच तयार झालेली असते. ती सोडायला खूण लागते पहिल्या पुराची आणि जागा लागते वरच्या वाहत्या, उथळ, गोट्यांच्या पाण्याची. खूण मिळाली आणि जागा मिळाली नाही, तर अंडी पोटातच जिरून जातात. त्या मादीचं ते वर्ष गेलं.

चढणारे सगळे सारखे नाहीत. तांबीर, कानस, लोळी ही रोहूच्या गणगोतातली मंडळी. यांना काठाबाहेर पसरलेलं पुराचं पाणीही चालतं. कोळस आणि महसीर यांना मात्र खडकाळ, वाहतं, स्वच्छ पाणीच हवं. कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनच्या माशांची शास्त्रीय नोंद केली तेव्हा कोळस माशाचं इथलं नावच त्याने शास्त्रात नेलं, आणि दख्खनी महसीरचं वर्णनही त्याचंच, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून. महसीरची अंडी जड असतात. तरंगत नाहीत, तळाच्या गोट्यांच्या फटीत जाऊन बसतात आणि वरून सारखं वाहतं, प्राणवायूने भरलेलं पाणी गेलं तरच तीन-चार दिवसांत फुटतात. हीच अंडी संथ जलाशयात पडली तर गाळात बुजून मरतात. म्हणून महसीर जलाशयात वाढू शकतो, धष्टपुष्ट होऊ शकतो, पण तिथे त्याची पिढी होत नाही. पिढीसाठी त्याला नदीत चढावंच लागतं. हा मुद्दा मनात ठेवावा, पुढचं सगळं त्यावर आहे.

जाता जाता अहिराबद्दल. तो सापासारखा लांब मासा समुद्रात जन्मतो आणि बोटाएवढं पिल्लू असताना नदी चढू लागतो. ओल्या कातळावरून सरपटत चढण्याची त्याची ताकद अचाट आहे. पण बंगालच्या उपसागरातून आमच्याकडे यायचं तर आज वाटेत विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा, पुलिचिंतला, नागार्जुनसागर, श्रीशैलम, जुराला, नारायणपूर आणि आलमट्टी आहेत. त्याचं प्रकरण घटप्रभेवर सुटणारं नाही, म्हणून इथेच थांबतो.

आता हिडकलच्या पायथ्याशी जाऊ.

माशांच्या शिडीची मागणी अधूनमधून होते. धरणाच्या कडेने पायऱ्या-पायऱ्यांचं पाणी सोडायचं, मासा एकेक टाकी चढत वर जातो. परदेशात अशा शिड्या चालल्या आहेत, मुख्यतः सामनसारख्या उडी मारणाऱ्या ताकदवान माशांसाठी. हिडकलला शिडी का चालणार नाही, याचं उत्तर लोक उंचीत शोधतात. ६२ मीटर ही उंची अवघड आहेच. पण खरं कारण तारखेत आहे. चढण लागते जूनमध्ये. हिडकल सगळ्यात रिकामं असतं तेही जूनमध्येच, कारण उन्हाळाभर कालव्यांनी आणि पिण्याच्या योजनांनी त्याचं पाणी ओढलेलं असतं. पहिला पूर येतो तो जलाशयाचं पोट भरण्यात मुरतो. पाणी २१७५ फुटांच्या पूर्ण पातळीला टेकायला जुलैची अखेर किंवा ऑगस्ट उजाडतो, आणि दरवाजे उघडतात ते तेव्हा. म्हणजे मासा धरणाखाली येऊन उभा राहतो त्या दिवसांत शिडीचं वरचं तोंड पाण्यापासून कितीतरी फूट उंच, कोरडं. शिडीत पाणी येईल तेव्हा चढणीचा हंगाम सरलेला. पंप लावून, हलत्या तोंडाची शिडी करून यातून वाट काढता येते, पण त्या खर्चात आणि त्या देखभालीत माझा विश्वास बसत नाही. आमच्याकडे बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, वेळेवर निघत नाहीत.

शिवाय वर गेलेला मासा आणि त्याची पिल्लं खाली यायची कशी, हा प्रश्न शिडी सोडवतच नाही. उतरताना त्यांना वाट म्हणजे दरवाजांची उडी किंवा वीजघराचं पातं.

पण धरणाखालच्या माशाला निसर्गाने एक दुसरी वाट ठेवली आहे, आणि ती माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. जूनमध्ये हिडकलखालची घटप्रभा थंड पडलेली असते, तेव्हा हिरण्यकेशी मात्र आंबोलीचा पाऊस घेऊन लाल होऊन उतरते. तिच्या मुख्य पात्रावर हिडकलएवढी भिंत नाही. संगमावर उभ्या असलेल्या माशाला दोन पाणी लागतात, एक निवळ आणि निपचित, एक गढूळ आणि जोरकस. तो वळणार दुसऱ्याकडे. म्हणजे खालच्या भागाची सगळी आशा हिरण्यकेशीवर आहे. तिच्या उगमाशी आंबोलीत २०२० साली एक नवा छोटा मासा शास्त्राला कळला आणि नदीचंच नाव त्याला मिळालं. पुढच्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. चांगलं झालं. पण तो मासा आपल्या कुंडातच राहणारा. चढणीच्या माशाला कुंड राखून भागत नाही, संगमापासून वरपर्यंतची वाट लागते. आणि त्या वाटेवर बंधारे आहेत.

जलाशयाच्या वरच्या भागातही तेच. हिडकलचं पाणी खोल आहे, उन्हाळ्यातही आटत नाही. पूर्वी मोठा मासा उन्हाळ्यात नदीच्या डोहांत तग धरायचा. डोह वाळूउपशाने गेले, उरलेल्यांवर जिलेटीनचे बार उडाले. (स्फोटकाने मासे मारायला या देशात १८९७ सालापासून कायद्याने बंदी आहे, तरी नदीकाठच्या कुणालाही तो आवाज अनोळखी नसेल.) आता जलाशय हाच मोठा डोह. ज्या धरणाने वंश तोडला त्याच्याच पोटात मोठ्या माद्या उन्हाळा काढू शकतात. जून लागला की त्या फुगवट्याच्या तोंडाशी येतात, घटप्रभेत किंवा ताम्रपर्णीत शिरतात, आणि पहिल्याच बंधाऱ्याला जाऊन थडकतात.

हा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा बाहेरच्या वाचकाला माहीत नसेल. नदीत ओळीने दगडी किंवा काँक्रीटचे खांब, दोन खांबांमधला गाळा, खांबांना खाचा. पावसाळा संपला की खाचांत फळ्या, म्हणजे बरगे, एकावर एक रचायचे. जुन्या पद्धतीत दोन ओळी लाकडी बरग्यांच्या आणि मधे चिकणमाती ठासलेली. आता बरेच लोखंडी. पाणी अडतं, मागे मैलभर नदी तुंबते, दोन्ही काठांवर मोटारी बसतात, ऊस उभा राहतो. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढून ठेवायचे म्हणजे पूर सरळ निघून जातो. ही रचना मला फार शहाणी वाटते. कायमचं धरण न बांधता नदीला वर्षातून चार महिने मोकळं सोडण्याची सोय तिच्यात आहे. कागदावर बघाल तर चढणीच्या माशासाठीच केली असावी अशी.

बिघाड होतो तो दोन ठिकाणी.

पहिला तारखेचा. बरगे मेअखेर-जूनच्या सुरुवातीला निघायला हवेत. पण शेतकरी ते निघू देत नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. बरगे काढले आणि पाऊस लांबला तर उभा ऊस वाळतो, गावाची पाणीयोजना बंद पडते. २०२३ साली पाऊस जूनच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत रेंगाळला. त्या वर्षी ज्याने एक तारखेला बरगे काढायला विरोध केला, तो बरोबरच होता. मग होतं असं, की सगळे आभाळाकडे बघत थांबतात. एका रात्री घाटात पाऊस कोसळतो, सकाळी पाणी बरग्यांवरून जातंय, आणि आता काढायला माणूस उतरू शकत नाही. काही बरगे वाहून जातात, काही वाकून अडकतात. गाळ्यात अर्धी भिंत तशीच राहते आणि तिच्यावरून पडणाऱ्या धारेत मासा आपटत राहतो. तो आपटतो तिथेच माणसं जाळी, बुट्ट्या घेऊन उभी असतात. चढणीचा मासा चवीला वेगळाच, गाभोळी तर विचारू नका, हे मलाही ठाऊक आहे. मीही लहानपणी वडिलांबरोबर त्या गर्दीत उभा राहिलो आहे. पण मोकळ्या नदीत चढणीचा मासा पकडणं वेगळं आणि भिंतीशी कोंडलेला उपसणं वेगळं. पहिल्यात बरेच निसटून वर जातात. दुसऱ्यात जवळजवळ कुणीच नाही.

दुसरा बिघाड पायाचा. बरगे सगळे काढले तरी खाली काँक्रीटची तळफरशी राहते. वर्षानुवर्षं फरशीवरून पडणाऱ्या पाण्याने पुढची माती-वाळू खरवडून नेलेली असते आणि फरशीच्या कडेला पायरी तयार होते. मोठ्या पुरात ही पायरी बुडून जाते, तेव्हा ती नसल्यासारखीच. ‘बंधारे पाण्याखाली’ची बातमी येते ते हे दिवस. पण जूनच्या पहिल्या पाण्यात ती उघडी असते. फरशीवर वीतभर पातळ, सुसाट पाणी, आणि खाली उडी. माशाला उडी मारायची तर खाली पुरेसं खोल पाणी लागतं, साधारण उडीच्या सव्वापट. तीन फुटांच्या उडीला पावणेचार फूट. समोर गोट्यांचा ढीग आणि गुडघाभर पाणी असेल तर महसीरसारख्या ताकदवान माशालाही ती पायरी भिंतच. तांबीर, लोळी तर सोडूनच द्या. आणि एक बंधारा पार केला की पुढचा. नदी एकेका फाटकाने अडलेली, आणि प्रत्येक फाटकाशी काही दिवस जातात. मादीच्या पोटातली गाभोळी इतके दिवस थांबत नाही.

घटप्रभेच्या माथ्यावर फाटकवाडीचं धरण आहे, तेही पहिलं पाणी धरून ठेवतं. पण ते लहान आहे, लवकर भरतं आणि सांडव्यावरून वाहू लागतं. त्याच्या खालच्या पाणलोटातूनही गढूळ पाणी येतंच. त्यामुळे खूण माशाला मिळते. अडचण खुणेची नाही, वाटेची आहे.

मग हे नुकसान कुणाला दिसत का नाही? कारण जाळी रिकामी येत नाहीत. जलाशयांत कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडतात. हे मासे मुळात गंगेकडचे, कृष्णेचे नव्हेत. त्यांची पिढी नदीत झाली नाही तरी पुढच्या वर्षी नवी बोटुकली येतात. चिलापीला तर चढायची गरजच नाही, ती संथ पाण्यात घरटं करून वाढते. संकेश्वरच्या किंवा बेळगावच्या बाजारात मासळी भरपूर दिसते आणि माणूस समजतो, नदी ठीक आहे. वजनाच्या आकड्यात कोळस हरवल्याचं कळत नाही. महसीरची पिल्लं कृत्रिमरीत्या तयार करता येतात; टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून ते काम झालं आहे आणि ते मोलाचं आहे. पण सोडलेलं पिल्लू मोठं झालं की त्यालाही चढायचंच आहे. वाट बंद ठेवून पिल्लं सोडत राहणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणं.

हद्दीचाही भाग आहे. जलाशय कर्नाटकात, त्याच्या डोक्यावरचे बहुतेक बंधारे महाराष्ट्रात. हिरण्यकेशी वर महाराष्ट्राची, संकेश्वरपासून कर्नाटकाची. मासेमारीचं खातं वेगळं, पाटबंधाऱ्याचं वेगळं, तेही दोन-दोन. पुराच्या वेळी मात्र हीच खाती एकमेकांना दर तासाला पाणीपातळी कळवतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये गोकाक बुडालं तेव्हापासून ती गरज कुणाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणजे नदीच्या बाबतीत दोन राज्यं बोलतात. त्या बोलण्यात जूनचे दोन आठवडे घालायचे आहेत.

माझी मागणी लहान आहे. हिडकलला शिडी नको. फुगवट्याच्या वर घटप्रभेवरचा पहिला बंधारा, ताम्रपर्णीवरचा पहिला आणि हिरण्यकेशीवर संगमापासून वरचा पहिला, या तिघांपासून सुरुवात करावी. सगळे बरगे एक तारखेला काढायचा आग्रह सोडावा. नदीची मुख्य धार ज्या दोन गाळ्यांतून जाते, तेवढ्या दोन गाळ्यांचे बरगे मेअखेर वरून अर्ध्यापर्यंत उतरवावेत आणि घाटात पहिला मोठा पाऊस पडल्याचा निरोप आला की त्याच दिवशी पूर्ण काढावेत. अर्धं पाणी तोवर शेतकऱ्याचं राहतं, आणि दोन गाळ्यांचे उरलेले बरगे काढायला चार माणसं आणि एक सकाळ पुरते. त्याच दोन गाळ्यांपुढे तळफरशीच्या पायरीला मोठे दगड रचून सपाट उतार करावा, एका फुटाला वीस फूट लांबी या हिशोबाने, दगडांमध्ये फटी ठेवून, म्हणजे माशाला दम खायला आडोसे मिळतील. हे काम उन्हाळ्यात, कोरड्या पात्रात, गावच्याच गवंड्याकडून होण्याजोगं आहे. आणि त्या दोन गाळ्यांच्या वर-खाली शंभर-शंभर पावलं, पहिले पंधरा दिवस, कुणी जाळं टाकू नये. हे गावाने ठरवायचं. पोलिसांनी होणार नाही. भोयांची घरं आधी बसवून बोललं तर होईल, कारण नदीत मासा कशाने कमी झाला हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही.

आणि बंधाऱ्यावर एक वही ठेवावी. तीन तारखा लिहायच्या : बरगे काढले ती, पहिलं गढूळ पाणी आलं ती, आणि बंधारा पाण्याखाली गेला ती. तिसरी तारीख आजही नोंदली जाते, ती जुलैच्या वर्तमानपत्रात छापून येते. दुसरी काठावरच्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या तोंडी असते, कुणी लिहीत नाही. या दोघींमधले दिवस मोजले की कळेल, त्या वर्षी मासा भिंतीखाली किती दिवस उभा होता.